मागे राहिलेल्या यंत्रांची यादी

कोलकात्यात मेट्रोच्या चांदनी चौक स्थानकातून वर आलं की जुन्या संगणकांचा बाजार सुरू होतो. एका दुकानात कीबोर्डांचा ढीग, दुसऱ्यात काचेखाली मांडलेल्या रॅमच्या पट्ट्या, तिसऱ्यात पाठ उघडून ठेवलेले लॅपटॉप. २०२४च्या पावसाळ्यात भवानीपूरच्या एका काकूंचा लॅपटॉप घेऊन मी तिथे गेलो होतो. काकू मूळच्या साताऱ्याच्या, लग्नानंतर इकडे आल्या त्याला चाळीस वर्षं झाली. सकाळच्या चहाबरोबर मराठी वर्तमानपत्रं त्या याच लॅपटॉपवर वाचायच्या. मग एकेक संकेतस्थळ उघडेनासं झालं, कुठे अर्धवट पान, कुठे 'आपला ब्राउझर जुना आहे' अशी सूचना. दुकानातल्या मुलाने झाकण उघडलं, विंडोज ७ दिसताच मान हलवली आणि म्हणाला, "दादा, मेशिन भालो आछे. किंतु एर ब्राउझार आर आपडेट होबे ना." यंत्र चांगलं आहे, ब्राउझर मात्र पुढे जाणार नाही. मग त्याने पेन ड्राइव्हवरून फायरफॉक्सची ११५ क्रमांकाची आवृत्ती बसवली. काकूंचा पेपर पुन्हा उघडला.

काम पंधरा मिनिटांचं होतं. पण अकरा-बारा वर्षं जुन्या यंत्रावर चालणारी आणि तरीही सुरक्षा-दुरुस्त्या मिळत राहिलेली आवृत्ती त्या मुलाच्या पेन ड्राइव्हवर होती, यामागे दोन दशकांचे निर्णय आहेत. ब्राउझरचा इतिहास सांगताना आपण बहुधा नवं काय आलं ते मोजतो: टॅब आले, वेग वाढला, विस्तार आले. या लेखात तोच इतिहास मी दुसऱ्या टोकाने वाचणार आहे. कोणत्या आवृत्तीने कोणतं यंत्र आणि कोणती भाषा मागे सोडली, हे पाहिल्याशिवाय ब्राउझर कोणासाठी आहे ते कळत नाही.

कलकत्त्याची पहिली खिडकी

या शहराचं आणि जोडणीचं नातं जुनं आहे. ३१ जुलै १९९५ रोजी मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी रायटर्स बिल्डिंगमधून दिल्लीला केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलून देशातला पहिला मोबाइल संवाद केला. त्यानंतर पंधरवड्याने, १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. पहिल्या शहरांत मुंबई, दिल्ली आणि मद्रासबरोबर कलकत्ता होतं.

त्या सुरुवातीच्या वर्षांत चित्रांसकट वेब दाखवणारं खातं वर्षाला १५,००० रुपयांच्या घरात जायचं. विद्यार्थ्यांना स्वस्त 'शेल' खातं मिळे. त्यात पडद्यावर फक्त अक्षरं. तिथे चालणारा ब्राउझर होता लिंक्स, १९९२ साली अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात जन्मलेला. चित्र नाही, रंग जवळजवळ नाहीत, माउस नाही. बाणांच्या कळांनी एका दुव्यावरून दुसऱ्यावर जायचं. त्याला यंत्राकडून काहीच लागत नसे, म्हणून तो कुठेही चालायचा आणि आजही चालतो. पण त्याच्या खिडकीतून देवनागरी किंवा बंगाली दिसण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणजे एकाच साधनात दोन गोष्टी होत्या: यंत्राच्या बाबतीत सर्वांना सामावून घेणं आणि भाषेच्या बाबतीत बहुतेकांना बाहेर ठेवणं. हे दोन्ही धागे पुढे फायरफॉक्सच्या गोष्टीतही भेटतात.

फिनिक्सपासून पुढे

नेटस्केप कंपनीने १९९८च्या जानेवारीत आपल्या ब्राउझरचा मूळ कोड जगाला खुला करायचं जाहीर केलं आणि ३१ मार्चला तो खुला केला. त्यातून मोझिला प्रकल्प उभा राहिला. आधी सगळं एकत्र असलेला जड संच निघाला. त्यातून फक्त ब्राउझर वेगळा काढून सप्टेंबर २००२ मध्ये 'फिनिक्स' या नावाने पहिली चाचणी आवृत्ती आली. नावावर दुसऱ्यांचा हक्क निघाला म्हणून २००३ साली ते 'फायरबर्ड' झालं, त्यावरही आक्षेप आला म्हणून फेब्रुवारी २००४ मध्ये 'फायरफॉक्स'. ९ नोव्हेंबर २००४ रोजी १.० ही आवृत्ती बाहेर पडली.

वेळ अचूक होती. विंडोज एक्सपीबरोबर २००१ साली आलेला इंटरनेट एक्सप्लोरर ६ पुढची पाच वर्षं जवळपास तसाच पडून होता; सातवी आवृत्ती थेट ऑक्टोबर २००६ मध्ये आली. या पाच वर्षांच्या पोकळीत फायरफॉक्स वाढला. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिघांवर एकाच दिवशी, एकाच रूपात मिळणारा ब्राउझर ही त्या काळात मोठी गोष्ट होती. परवान्याची विंडोज परवडत नसलेल्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत लिनक्स बसवलं तरी वेब हातातून सुटत नव्हतं.

सुरुवातीला मोठी आवृत्ती वर्ष-दीड वर्षाने यायची. मार्च २०११ मधल्या ४.० नंतर हे बदललं. जूनमध्ये ५.० आली आणि पुढे दर सहा आठवड्यांनी नवा क्रमांक. २०२०पासून दर चार आठवड्यांनी. कार्यालयं आणि शाळांना ही धावपळ झेपेना. म्हणून जानेवारी २०१२ मध्ये दहाव्या आवृत्तीपासून 'ईएसआर' हा दीर्घ मुदतीचा प्रकार सुरू झाला. त्यात वर्षभर नवी वैशिष्ट्यं येत नाहीत, फक्त सुरक्षेची भोकं बुजवली जातात. ही सोय मोठ्या संस्थांसाठी होती. पुढे तीच जुन्या यंत्रांचा आधार ठरली.

कोण कधी मागे राहिलं

१७ जून २००८ हा फायरफॉक्सच्या इतिहासातला उत्सवाचा दिवस. तिसरी आवृत्ती आली आणि २४ तासांत ८०,०२,५३० वेळा उतरवली गेली. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. त्याच आवृत्तीने विंडोज ९८, एमई आणि एनटी ४ यांची साथ सोडली. त्या यंत्रांसाठी दुसरी आवृत्ती शेवटची ठरली आणि तीही डिसेंबर २००८ मध्ये थांबली. भारतातल्या कितीतरी सायबर कॅफेंत आणि शाळांत तेव्हा विंडोज ९८ चालू होती.

मार्च २०११च्या चौथ्या आवृत्तीने पॉवरपीसी प्रोसेसरचे जुने मॅक सोडले. त्यांच्यासाठी एका स्वतंत्र विकासकाने 'टेनफोरफॉक्स' नावाने फायरफॉक्सचा कोड पुढे दहा वर्षं सांभाळला. कोड खुला असण्याचा अर्थ अशा वेळी कळतो: कंपनी थांबली तरी काम थांबलंच पाहिजे असं नाही. २०१२ साली तेराव्या आवृत्तीने विंडोज २००० सोडली. २०१६ साली ४९व्या आवृत्तीने विंडोजवर पेंटियम ३ सारखे प्रोसेसर सोडले, कारण त्यांत एसएसई२ हा सूचनासंच नव्हता. इथे ऑपरेटिंग सिस्टिम चालत होती, चिप कमी पडली.

मग आली एक्सपी. मायक्रोसॉफ्टने तिची साथ एप्रिल २०१४ मध्ये सोडली. क्रोमने एक्सपी आणि व्हिस्टा यांना एप्रिल २०१६ पर्यंत, ४९व्या आवृत्तीपर्यंत नेलं. फायरफॉक्सने मार्च २०१७ मधली ५२ ही आवृत्ती दीर्घ मुदतीची करून त्यांना २०१८ पर्यंत सांभाळलं.

विंडोज ७ची कथा याहून बोलकी आहे. मायक्रोसॉफ्टची सर्वसाधारण साथ १४ जानेवारी २०२० रोजी संपली. क्रोमची १०९ ही आवृत्ती तिच्यासाठी शेवटची. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११०ला विंडोज १० लागते. एज ब्राउझरही १०९ वरच थांबला. फायरफॉक्सची ११५ ही आवृत्ती जुलै २०२३ मध्ये आली आणि विंडोज ७, ८, ८.१ तसंच मॅकच्या १०.१२ ते १०.१४ या आवृत्त्यांसाठी ती शेवटची ठरली. तिची मुदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपायची होती. जुन्या यंत्रांवरचे वापरकर्ते अजून मोठ्या संख्येने आहेत हे पाहून मोझिलाने ती आधी सहा महिने वाढवली आणि नंतर पुन्हा वाढवली. काकूंचा लॅपटॉप वाचला तो या निर्णयामुळे.

रांग तशीच पुढे सरकते आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०ची सर्वसाधारण साथ संपली. फायरफॉक्सने तिच्यावर चालत राहायचं जाहीर केलं आहे. मात्र ३२ बिटांच्या लिनक्सला त्याच महिन्यातली १४४ ही शेवटची नियमित आवृत्ती. जुन्या यंत्रावर हलकं लिनक्स टाकण्याचा मार्ग वर्षानुवर्षं सांगितला जातो. त्यातला सर्वांत जुन्या यंत्रांचा हिस्सा आता बंद होत आला आहे.

सोडावं का लागतं

यात केवळ निष्ठुरपणा नाही. ब्राउझर जमिनीवर उभा असतो आणि ती जमीन ऑपरेटिंग सिस्टिमची असते. जमीनच खचत असताना वरच्या भिंतींची कितीही डागडुजी करा, घर टिकणार नाही. शिवाय प्रत्येक जुन्या सिस्टिमवर दर चार आठवड्यांनी चाचणी घ्यायची म्हणजे माणसं आणि पैसा लागतो. साधनंही बदलतात. फायरफॉक्सचा काही भाग रस्ट या भाषेत लिहिलेला आहे आणि त्या भाषेच्या अधिकृत साधनांनी २०२४ साली विंडोज ७चा आधार काढून घेतला.

पण एक तांत्रिक गोष्ट वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. सुरक्षित पान उघडताना ब्राउझर समोरच्या संकेतस्थळाचं प्रमाणपत्र तपासतो आणि त्यासाठी विश्वासू 'मूळ प्रमाणपत्रां'ची यादी त्याच्याजवळ असावी लागते. जुन्या अँड्रॉइड फोनमध्ये ही यादी सिस्टिमबरोबर गोठलेली असते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेच्या प्रमाणपत्रांना आधार देणारं एक जुनं मूळ प्रमाणपत्र संपणार होतं. ७.१.१च्या आधीच्या अँड्रॉइडवर लाखो संकेतस्थळं उघडणार नाहीत अशी भीती होती. त्या संस्थेने आधीच सल्ला दिला होता: फायरफॉक्स वापरा, कारण तो स्वतःची यादी स्वतःबरोबर आणतो. पुढे दुसरी तांत्रिक वाट काढून संकट टाळलं गेलं, तरी जुन्या यंत्राच्या मालकाला या एका गुणाचं मोल मोठं आहे.

याची दुसरी बाजूही आहे. स्वतःची यादी आणणाऱ्याचं स्वतःचं प्रमाणपत्रही संपतं. १४ मार्च २०२५ रोजी मोझिलाचं एक मूळ प्रमाणपत्र संपलं. १२८च्या आधीच्या किंवा दीर्घ मुदतीच्या प्रकारात ११५.१३च्या आधीच्या आवृत्तीवर राहिलेल्यांच्या विस्तारांना त्याचा फटका बसणार होता. म्हणून नुसती '११५ आहे' म्हणून चालत नाही. टिंबानंतरचा आकडाही पुढे सरकत राहिला पाहिजे.

लिपी हीही जमीनच

प्लॅटफॉर्म म्हटलं की आपण यंत्र आणि सिस्टिम एवढंच मोजतो. मराठी आणि बंगाली वाचकासाठी तिसरी गोष्ट तितकीच मोलाची: अक्षर.

नव्वदच्या दशकाअखेर मराठी आणि बंगाली दैनिकं वेबवर आली ती बहुधा आपापले फॉन्ट घेऊन. प्रत्येकाचा संकेत वेगळा. फॉन्ट पानाबरोबर पाठवण्याची मायक्रोसॉफ्टची पद्धत इंटरनेट एक्सप्लोररपुरती आणि नेटस्केपची पद्धत नेटस्केपपुरती. त्यामुळे फायरफॉक्समध्ये कित्येक पानं इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या कचऱ्यासारखी दिसत. २००९च्या जूनमध्ये आलेल्या ३.५ या आवृत्तीने साधे फॉन्ट पानाबरोबर उतरवून वापरायची सोय दिली. तोवर सर्व लिप्यांसाठी एकच संकेत ठरवणारं युनिकोडही रुजत चाललं होतं.

युनिकोड आलं तरी अडचण लगेच संपली नाही. विंडोज एक्सपीवर भारतीय लिप्यांचा आधार आधी चालू करावा लागे. नियंत्रण कक्षात जाऊन एका चौकटीत खूण करायची आणि विंडोजची सीडी घालायची. सायबर कॅफेत ती परवानगीही नसे आणि सीडीही. मग 'किती' या शब्दातली पहिली वेलांटी 'क'च्या आधी न येता नंतर पडायची, जोडाक्षरं सुटी होऊन मध्ये पाय मोडलेली दिसायची. लिनक्सवर मोझिलाची अधिकृत दुसरी आवृत्तीही जोडाक्षरं नीट जुळवत नव्हती. २००८च्या तिसऱ्या आवृत्तीने ते काम आपोआप करायला सुरुवात केली. म्हणजे ज्या आवृत्तीने विंडोज ९८ सोडली, तिनेच लिनक्सवरच्या मराठी-बंगाली वाचकाला धड अक्षरं दिली.

एक उदाहरण जवळून पाहू. बंगालीत 'उत्सव' लिहिताना त्यातला अर्धा त स्वतंत्र खुणेने लिहितात, तिला 'खंड त' म्हणतात. युनिकोडमध्ये या खुणेला स्वतंत्र जागा मिळाली २००५ साली, ४.१ या आवृत्तीत. त्याआधीच्या फॉन्टमध्ये त्या जागी काहीच नाही. जुन्या यंत्रावर कोलकात्याच्या पूजेची बातमी उघडली तर 'उत्सव' या शब्दात मधोमध रिकामी चौकट दिसते. मराठीत 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' या शब्दांतला अर्धा र असाच छळतो. जुन्या फॉन्टवर त्याचा रफार होऊन शब्दाचा उच्चारच बदलतो. पान उघडलं, पण भाषा नीट उघडली नाही.

भाषांच्या यादीतली गळती

फायरफॉक्सच्या पडद्यावरचे शब्द भाषांतरित होतात ते मुख्यतः स्वयंसेवकांच्या हातून. मराठी त्या यादीत आहे. बंगालीच्या दोन नोंदी होत्या, एक भारताची, एक बांगलादेशची. ९ जुलै २०१९ रोजी आलेल्या ६८व्या आवृत्तीत त्या दोन्ही एकत्र होऊन एकच बंगाली झाली. त्यात शहाणपण होतं, दोन ठिकाणी विखुरलेले हात एका कामाला लागले.

पण त्याच आवृत्तीने आसामी, ओडिया, मैथिली आणि मल्याळम या भाषा यादीतून काढल्या. कारण एकच: त्यांची भाषांतरं अद्ययावत ठेवणारं कोणी उरलं नव्हतं. त्या भाषांत फायरफॉक्स वापरणाऱ्यांना ब्रिटिश इंग्रजीवर नेण्यात आलं. कोलकात्याच्या रस्त्यावर ओडिया, मैथिली आणि आसामी रोज कानावर पडतात. या शहरातल्या तीन बोलत्या भाषा एका दिवसात ब्राउझरमधून गेल्या आणि त्याची फारशी बातमीही झाली नाही.

मला या संपूर्ण आढाव्यातली ही सर्वांत खुपणारी नोंद वाटते. यंत्र जुनं झालं तर बदलता येतं. भाषा मागे पडली ती माणसं नव्हती म्हणून. आणि माणसं तर आपणच आहोत.

खिशातला ब्राउझर

मोबाइलवर फायरफॉक्स आला तो जानेवारी २०१० मध्ये, नोकियाच्या एन९०० या एका फोनपुरता. अँड्रॉइडवर २०११ साली. पुढचं पाऊल भारताच्या दृष्टीने फार महत्त्वाचं होतं. ब्राउझरलाच फोनची सिस्टिम करायची, या कल्पनेतून फायरफॉक्स ओएस निघाली. ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेक्सचा क्लाउड एफएक्स हा तिच्यावर चालणारा फोन १,९९९ रुपयांत भारतात आला. पण अ‍ॅप कमी, स्मृती अपुरी. डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाने फोनसाठीचं हे काम थांबवायचं जाहीर केलं.

कोड मात्र खुला होता. त्यातून कायओएस निघाली आणि २०१७ साली १,५०० रुपयांच्या अनामतीवर मिळणारा जिओफोन तिच्यावर चालला. फायरफॉक्सचं नाव ठाऊक नसलेल्या असंख्य भारतीयांनी त्याच्याच वंशातल्या साधनावर पहिल्यांदा वेब पाहिलं.

आयफोनवर नोव्हेंबर २०१५ मध्ये आलेला फायरफॉक्स मात्र नावापुरता वेगळा. ॲपलच्या नियमामुळे भारतातल्या आयफोनवर पान रेखाटणारं इंजिन वेबकिट हेच असतं. अँड्रॉइडवर ऑगस्ट २०२०मध्ये ७९ या क्रमांकाने संपूर्ण नव्याने लिहिलेला फायरफॉक्स आला. वेग वाढला, पण बहुतेक जुने विस्तार गेले. ते मोकळेपणाने परतायला डिसेंबर २०२३ उजाडला.

स्वदेशी प्रयत्नांचं काय

भारतीय ब्राउझरचा पहिला गाजलेला प्रयत्न बंगळुरूचा 'एपिक'. जुलै २०१०मध्ये आला तेव्हा तो फायरफॉक्सच्या कोडवर उभा होता आणि त्यात भारतीय भाषांत टंकलेखनाची सोय होती. २०१३मध्ये तो क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्या मुळाशी असलेल्या खुल्या कोडवर, गेला. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३मध्ये भारतीय ब्राउझर घडवण्याची स्पर्धा जाहीर केली. मार्च २०२५मध्ये झोहोच्या गटाला एक कोटी रुपयांचं पहिलं बक्षीस मिळालं. झोहोचा 'उला' हाही क्रोमियमवरच आहे.

याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. एज, ऑपेरा, ब्रेव्ह, एपिक आणि उला या सर्वांच्या पोटात एकच इंजिन आहे. ज्या दिवशी ते इंजिन एखादी सिस्टिम सोडतं, त्या दिवसापासून या सगळ्यांना तिथे टिकून राहणं अवघड होतं. नावं पाच, जुन्या यंत्राच्या मालकासाठी दार एकच. गेको हे फायरफॉक्सचं इंजिन म्हणूनच मोलाचं. त्याची बाजूही भक्कम नाही. मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भाग गूगलबरोबरच्या शोधकरारातून येतो आणि एके काळी जगात जवळपास तिसरा हिस्सा असलेला हा ब्राउझर आज अगदी लहान हिश्श्यावर आला आहे.

निवाडा आणि विनंती

दोन दशकांचा हिशेब मांडल्यावर माझं मत असं: जुन्या यंत्रांना सर्वांत लांबपर्यंत साथ देणारा मोठा ब्राउझर फायरफॉक्स आहे. एक्सपी आणि विंडोज ७ या दोन्ही वेळी त्याने ते दाखवलं. भारतीय भाषांच्या बाबतीत त्याने दार उघडं ठेवलं, आत कोणी राहतं की नाही हे आपल्यावर सोडलं, आणि तिथे आपण कमी पडलो.

वाचकांना विनंती, आज घरातल्या संगणकावर ब्राउझरच्या मदत-यादीत जाऊन आवृत्तीचा क्रमांक पाहा. आईवडिलांच्या, शेजारच्या आजोबांच्या यंत्रावरही पाहा. यंत्र धडधाकट आणि सिस्टिम जुनी असेल तर फेकण्याआधी ६४ बिटांचं लिनक्स चालतं का ते तपासा. मराठी नीट येणाऱ्यांनी मोझिलाच्या पोंटून या भाषांतर-मंचावर आठवड्याला अर्धा तास द्यावा. ओडिया आणि मैथिली कशामुळे गेल्या हे आता ठाऊक आहे.

आणि बँकांची, विद्यापीठांची, सरकारी खात्यांची पानं बनवणाऱ्यांना एकच सांगणं: नवं पान खुलं करण्याआधी ते दहा वर्षं जुन्या यंत्रावर, दीर्घ मुदतीच्या ब्राउझरमध्ये, मराठीत आणि बंगालीत एकदा उघडून पाहा. असं यंत्र चांदनी बाजारातल्या कुठल्याही दुकानात मिळेल.